निळ्या कापडावरची चप्पल

देवळापुढच्या ओट्यावर बाबानं काळ्या पिशवीतून पिवळट कापड काढलं आणि गर्दी गप्प झाली. शेखरनं त्यावर तळहात दाबून धरला. ऊन रणरणत होतं. बाबाची बडबड चालूच होती, "निर्मळ हाताला देव राखतो, पापी हाताला नीळकंठाचं विष गिळतं." थोड्या वेळानं कापड बादलीत खळबळून वर आलं. गर्द निळं, आणि मधोमध शेखरचा पांढराशुभ्र पंजा. बायांनी हात जोडले.

"आता कलाबाई," बाबा म्हणाला.

कलाबाई एकटी राहायची, वांगी-मेथी विकायची. शेखरचं वासरू मेलं ते तिच्या करणीनं, असं त्यानं गावभर केलं होतं. पंजा उमटला नाही तर तिनं गाव सोडायचं, हे ठरलेलं. तिनं नव्या कापडावर हात टेकला.

"झालं. आता हात उचल, देवाला जोड. कापड उघडं राहू दे," बाबा लगेच म्हणाला.

कापड धुतलं. सगळं निळं. हाताचा मागमूस नाही.

मागे उभ्या इंद्रभान गुरुजींनी डोळे मिटले. हयात विज्ञान शिकवण्यात गेली, आणि समोर हात जोडून उभे होते ते त्यांचेच विद्यार्थी. घरी जाऊन पडावं, असं फार वाटलं. पण कलाबाई गाठोडं बांधायला वळली होती.

"थांब माय," ते पुढे झाले. "बावा, एक कापड द्या."

"तुमची परीक्षा काऊन, गुरुजी?" शेखर म्हणाला.

"माही नाही बे. हिची." त्यांनी पायातली चप्पल काढली.

बाबानं पिशवी पोटाशी धरली. "देव कोपेल."

"कापड तं माह्याच दुकानातलं हाय," वाहेद शिंपी म्हणाला. "भेऊन काऊन राह्यले?"

लोक बघत होते. बाबाला कापड द्यावं लागलं. चप्पल कापडावर उन्हात ठेवली, मग कापड धुतलं. टाचेकडे झिजलेली चप्पल जशीच्या तशी पांढरी उमटली.

"शेखरच्या हाताइतकीच निर्मळ हाय की," बायांतली कौशल्याबाई म्हणाली. मग लोक हसले.

गुरुजींनी कलाबाईचा हात बाबाच्या पिशवीतल्या दुसऱ्या कापडावर ठेवला आणि शेवटपर्यंत उचलू दिला नाही. पंजा उमटला. तेवढ्या गडबडीत बाबा मोटारसायकलवर बसून गेला, आणि एकजण कलाबाईच्या पाया पडायला वाकला.

"उठ बे," गुरुजी थकून पायरीवर बसले. "आज देवी करशीन, उद्या पुन्हा भूत करशीन."

पोरं भोवती बसली तसा त्यांचा आवाज निवळला. "कापडाले लोखंडाचे दोन क्षार लावले हायेत. एक फेरीसायनाइडचा, दुसरा सायट्रेटचा. ऊन लागलं की त्यायचा पक्का निळा रंग बनते. हाताखाली ऊन पोचत नाही, तिथले क्षार पाण्यात धुऊन जातात. जुन्या काळी धरणायचे निळे नकाशे असेच काढत."

"सायनाइड म्हंजे जहर ना?" छकुलीनं विचारलं.

"इथं लोखंडानं त्याले घट्ट धरलं हाय. याच कुळातला एक क्षार मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात कणभर घालतात. पण कापड चाटायचं नाही हं."

कलाबाई अजून उभीच होती. "गुरुजी, चप्पल ठेवतानी आभाळ आलं असतं तं?"

"तं चप्पल धड उमटली नसती."

"मंग मले जा लागलं असतं?"

गुरुजी पायरीवरून उठले. मग लोकांकडे वळले. "ऐकलं? आभाळ आलं नाही म्हणून ही गावात हाय. वासरू कायनं मेलं, हे ढोरायच्या डॉक्टरले एकानंही विचारलं नाही. आता तरी विचारा."

शेखर खाली बघत होता.