बदामच्या पंजीचा जळफळाट

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. बदामची पंजी. अंगावर पाच लाल बदाम, कोपरे झिजलेले आणि मनात कायमचं एक दुखणं: मत्सर. आपली कहाणी सांगणाऱ्याने आधी आपले गुण सांगावेत, पण माझ्याकडे सांगण्यासारखं हेच आहे, म्हणून हेच आधी सांगते.

छापखान्यात माझा जन्म झाला. एका मोठ्या जाड कागदावर आम्ही बावन्न भावंडं एकदम छापली गेलो आणि भेदभाव तिथेच सुरू झाला. राजाला दाढी मिळाली, राणीला फूल, गुलामाला टोपी. एक्क्याला मधोमध एकच ठिपका, पण त्याचा तोरा असा, की हे सगळे चित्रवाले त्याच्यापुढे नमतात. मला पाच ठिपके मिळाले आणि मान मात्र कुणाचाच नाही. मग कापायचं यंत्र आलं, आम्ही सुटे झालो आणि एका डबीत जाऊन बसलो.

ती डबी कोटांच्या एका शिवणखान्यातल्या कटिंग मास्तरांनी विकत घेतली. जेवणाच्या सुट्टीत कापडाचे तुकडे बाजूला सारून कटिंगच्या टेबलावर पोकरचा डाव पडू लागला. पैसे नाहीत, बटणं लावायची: तुटकी, रंग उडालेली, जोडी हरवलेली. खेळणारी माणसं चार. एक इस्त्रीवाला, ज्याला सगळे वाफेबुवा म्हणत. मशीनवर बसणाऱ्या दोघी जावा, थोरली आणि धाकटी. आणि हाताने काज-बटण करणाऱ्या मावशी. मास्तर स्वतः खेळत नसत, ते पत्ते वाटत आणि शिकवत. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून मिळायचे, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे पडायचे आणि या सातांतून ज्याचे पाच सगळ्यांत भारी, बटणं त्याची.

एक्क्याशेजारी राजा आला की वाफेबुवाचा चेहरा खुलायचा. एक्क्याशेजारी मी आले की तो "हं" एवढंच म्हणायचा. त्या "हं"ने माझं काळीज किती वेळा करपलं असेल!

फक्त मावशींना मी आवडायचे. एक्का आणि मी दोघंही बदामाचे आहोत असं दिसलं, की त्यांचा हात बटणांकडे गेलाच. पहिली पाळी असो, शेवटची असो, कुणी पुढ्यात ढीग लोटलेला असो, मावशी आत. आणि बहुतेक वेळा त्या हरायच्या. शेवटी मास्तर एकदा वैतागले.

"मावशी, एक्का आणि त्याच्याच चिन्हाचा बारका पत्ता, हा हात म्हणजे उरलेलं कापड आहे. स्वस्तात मिळालं तर घ्यावं. त्यासाठी अख्ख्या थानाची किंमत मोजाल का?"

"मग घ्यायचं कधी?"

"पहिली बोली तुमची असली की पत्ते खाली ठेवा, डाव सोडा. सगळे एकेक बटण टाकून आत आलेत, तुमची पाळी शेवटी आहे, तेव्हा बघा. एकाच चिन्हाचे पाच म्हणजे भारी हात; पाच बदाम जमले तर तुमच्या एक्क्यावर मात नाही. पण मध्ये नुसता एक्का पडला म्हणून हुरळून जाऊ नका. दुसऱ्याकडे एक्का-राजा असला, तर तुमची पंजी काय करणार?"

पंजी काय करणार! चारचौघांत, राजा ऐकत असताना! मी इतकी जळले, की इस्त्री माझ्यापुढे थंड वाटली असती.

त्याच महिन्यात मास्तरांनी सांगितलं की महिनाअखेरीस ते काम सोडून मुलीकडे राहायला जाणार. त्यांची जागा खिडकीशी होती. साऱ्या शिवणखान्यात धड उजेड तेवढ्याच कोपऱ्यात यायचा. ती जागा चौघांनाही हवी होती आणि मालकिणीने निर्णय मास्तरांवर सोडला. मास्तर पडले भिडस्त. "नाही कुणाला म्हणू?" असं म्हणून त्यांनी फर्मान काढलं, की महिनाअखेर ज्याच्याकडे जास्त बटणं, त्याची खिडकी.

वाफेबुवाला वारा हवा होता. जावांपैकी प्रत्येकीला दुसरीला मिळू नये एवढंच हवं होतं, आणि या बाबतीत मी दोघींना नावं ठेवणार नाही. मावशींची गोष्ट मात्र वेगळी होती. काळ्या कोटावर काळा धागा त्यांना दिसेनासा झाला होता. वाकडी काजं म्हणून दोन कोट गिऱ्हाइकांनी परत पाठवले होते आणि मालकीण म्हणाली होती, "तिसरा परत आला तर मी काजाचं मशीन आणते." म्हणजे मावशींचं काम जाणार. डोळ्यांचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं. हल्ली त्या मला अगदी नाकाजवळ नेऊन बघायच्या आणि तरी त्यांना खात्री वाटायची नाही.

शेवटचा दिवस उजाडला. जावांची बटणं जवळजवळ संपली होती. वाफेबुवा आणि मावशी, दोघांचे ढीग सारखेच दिसत होते. मास्तरांनी शेवटचा डाव वाटला आणि मी मावशींच्या हातात पडले. शेजारी एक्का आला.

मावशींचे ओठ हलले. "बदाम, बदाम."

नाही हो, मावशी! माझ्या शेजारी चौकटचा एक्का होता. लाल तोही, लाल मीही, पण तो आमच्या घरचा नव्हे. मी ओरडून सांगितलं असतं, पण पत्त्याला तोंड असतं ते फक्त छापलेलं.

बाकी मावशींनी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. तिघांनी एकेक बटण टाकलं होतं, पाळी त्यांची शेवटची होती. त्यांनीही एकच बटण टाकलं. मध्ये तीन पत्ते उघडले: बदाम दुर्री, बदाम नव्वी, इस्पिक चव्वी. मावशींच्या हिशेबी चार बदाम झाले. माझ्या हिशेबी तीनच. चौथा पत्ता पडला तो इस्पिकचा राजा! वाफेबुवाने मूठभर बटणं पुढे केली. जावांनी पत्ते टाकून दिले. मला राजाचा असा राग आला की काय सांगू. हातात नसला तरी टेबलावर येऊन मिरवतोच.

मावशींनी मूठभर बटणं मोजून टाकली. पाचवा पत्ता उघडला: बदाम तिर्री. मावशींनी दोन्ही हातांनी आपला सगळा ढीग मध्ये लोटला.

"राजांची जोडी, नव्वीची जोडी," म्हणत वाफेबुवानेही सगळं लोटलं. "दाखवा."

"पाच बदाम!" मावशींनी आम्हा दोघांना टेबलावर ठेवलं.

वाफेबुवा फिसकन हसला. "मावशी, हा चौकटचा आहे! बदाम चारच!"

मावशी खाली वाकल्या. नाक टेबलाला टेकेपर्यंत वाकल्या. धाकटी हसायला लागली होती, ती मध्येच थांबली.

मास्तर पत्ते सरळ करू लागले. एक्का ठेवला, मग दुर्री, तिर्री, चव्वी आणि सगळ्यांत शेवटी मला. "बदाम नाहीत," ते म्हणाले, "पण ओळ लागली. या ओळीत एक्का एक धरतात. पंजी सगळ्यांत वर. आणि ओळ दोन जोड्यांना मारते."

मित्रांनो, मी सगळ्यांत वर! एक्का माझ्या ओळीत तळाला बसला होता आणि राजा बाजूला तोंड पाडून पडला होता. जन्मभर ज्या क्षणासाठी जळले तो हाच. पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सगळे मावशींकडे बघत होते आणि मावशी रडत होत्या.

"किती दिवस दिसत नाहीये?" थोरलीने विचारलं.

"पावसाळ्याआधीपासून."

"आणि बोलला नाहीत? आम्ही काय परके?"

वाफेबुवाने बटणं गोळा करून मावशींच्या पुढ्यात सरकवली. मास्तरांनी स्वतःची खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, "खिडकी तुमची. पण नुसत्या खिडकीने भागायचं नाही." संध्याकाळी दोघी जावा, बहुधा पहिल्यांदाच एकमताने, मावशींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. जाड चष्मा लागला. तिसरा कोट काही परत आला नाही.

मास्तर मुलीकडे गेले, डाव मात्र चालू राहिला. परवाच मी पुन्हा मावशींच्या हातात आले आणि या खेपेला शेजारी खरोखर बदामचा एक्का होता. पाळी पहिली होती. मावशींनी चष्म्यातून आम्हाला एकदाच पाहिलं, "जोडी छान आहे गं," म्हणाल्या आणि शांतपणे दोघांनाही खाली ठेवून दिलं. त्यांचं बरोबरच होतं. वाफेबुवाकडे एक्का-राजा निघाला.

तेव्हा मित्रांनो, आपल्या माणसांना नीट दिसतंय ना, हे आपणहून विचारत जा. ती स्वतःहून सांगत नाहीत. दिसायला लागल्यावर ती तुम्हाला बाजूला ठेवतील, तेही सोसा. मी सोसते. जळते, पण सोसते.