दुसरा व्हॉल्व्ह

माझ्या हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह आहेत. एक काढून दुसरा बसवला की आवाज बदलतो, असं मी म्हणते. माझे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, हे सगळे मनाचे खेळ." जेवायला बसलं की रोज हेच. शेवटी परवा ताट उचलायच्या आत मी दुसऱ्या व्हॉल्व्हसकट अ‍ॅम्प्लिफायरच टेबलावर आणून ठेवला आणि म्हटलं, "घ्या माझी परीक्षा."

भावजींनी मला पाठमोरं बसवलं. एक गाणं बराच वेळ ऐकवलं, मग हेडफोन काढून घेतले. मागे भरपूर खुडबुड झाली. पुन्हा तेच गाणं लागलं.

"आता कसं वाटतंय? मोकळं? गोड?"

"काडीचाही फरक नाही," मी म्हणाले.

भावजींनी टेबलावर थाप मारली. "ऐकलंस ना दादा? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

आमचे हे पेपरमधून डोकं वर न काढता हसले. त्याचा मला जास्त राग आला.

मी वळले. "भावजी, चालू व्हॉल्व्ह तव्यासारखा तापतो. तो धरायचं फडकं मघापासून माझ्या मांडीवर आहे. तुम्ही कशानं काढलात?"

यांचा पेपर हळूच खाली आला.

"बदललाच नाहीत, तर फरक कुठून ऐकू येणार? आता खरंच बदला."

त्यांनी फडक्यासाठी हात पुढे केला. मी त्याची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर ठाण मांडून बसले. "मघाशी फडक्याशिवाय बदललात ना, मग आताही तसाच बदला."