खांद्यावरचा हात

"हात खांद्यावर! मध्ये फट दिसता कामा नये!"

कवायतीच्या सरांचा तो आवाज आत्याने ऐकला होता शाळकरी वयात. सर केव्हाच गेले, पण आवाज काही गेला नाही. तो आत्याच्याच गळ्यात बिऱ्हाड करून राहिला. आता रोज सकाळी शाळेच्या मैदानावर तीच तो काढायची, आणि मुलं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, आगगाडीच्या डब्याला डबा जोडल्यासारखी, जिना चढून वर्गात जायची.

शाळेत ती कवायतीच्या बाई. घरी मात्र आत्या, कारण धाकट्या भावाची मुलगी याच शाळेत दुसरीत नुकतीच दाखल झाली होती. आनंद झाला की ती स्वतःभोवती गरागरा फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरी घडाघडा वाचायची, एकदा ऐकलेली कविता विसरायची नाही. पण अंगाला कुणाचा हात लागला की चटका बसल्यासारखी बाजूला व्हायची. तिची आई नव्या फ्रॉकच्या आतलं लेबल आधी उसवून टाकायची. वेणी घालायला बसली की विचारायची, "येऊ का गं?" आणि पोर "ये" म्हणाली, तरच कंगवा पुढे सरकायचा.

शाळेत असं कोण विचारणार? तेव्हा नणंद-भावजयींनी घरीच सराव काढला. संध्याकाळी पुढे आई, मध्ये भिंगरी, मागे आत्या.

"कूऽऽक! स्वयंपाकघर आलं, उतरून घ्या!" आई ओरडायची.

आधी पोर हातातून निसटून पलंगाखाली शिरायची. मग हळूहळू थांबायला लागली. मग तर जराही हलेना.

"बघा वन्सं, झाली की नाही सवय!" आई हरखून गेली. बाबांनी बक्षीस म्हणून फुगा आणला.

आत्या हसली, पण तिच्या तळहाताखालचा खांदा लाकडासारखा झाला होता. ओठ मिटलेले, छाती हलत नव्हती. पोरगी श्वास धरून उभी होती. ते तसं उभं राहणं आत्याला अनोळखी नव्हतं. बोलावं असं तिच्या मनात आलं, पण ओठापर्यंत आलेलं तिने परत आत ढकललं.

स्वयंपाकघर चार पावलांवर होतं, शाळेचा जिना मात्र तीन मजल्यांचा. सोमवारी दुसऱ्या मजल्यावर भिंगरीचा श्वास संपला. तिने मागच्या मुलीला जोरात ढकललं. ती मुलगी दोन पायऱ्या घसरली, हनुवटीला टाके पडले. आणि भिंगरीच्या आईला शाळेतून बोलावणं आलं.

मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा सावकाश फिरत होता. आत्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिला खुर्ची दिली होती, पण ती बसली नाही.

"मी काही राक्षस नाही हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण दुसऱ्याच्या लेकराला लागलंय. अशा मुलांची वेगळी शाळा असते. तिथे नीट लक्ष देतात."

"लागलं ते वाईटच झालं. मी त्यांच्या घरी जाऊन आले," आई म्हणाली. "पण इथलं हिला काय जमत नाही, ते सांगा. वाचन?"

"वर्गात पहिली."

"गणित?"

"तेही चांगलं आहे."

"मग काय, खांदा तेवढा नापास झाला?"

मोठ्या बाईंना हसू फुटत होतं, ते त्यांनी रुमालात दाबलं.

"तिला सगळ्यात मागे चालू द्या," आईचा आवाज खाली आला. "एवढंच मागते."

"रांग उंचीप्रमाणे असते. आज हिला सूट दिली, उद्या दुसरं कुणी मागेल."

"मागू दे की! द्या त्यालाही. जिन्याचं काय झिजतंय?"

मोठ्या बाईंनी आत्याकडे मान वळवली. "बाई, रांग तुमची. हाताशिवाय ती नीट जाते, असं तुम्ही सांगितलंत तर मुलगी इथेच राहील. पण भाचीसाठी नको. कवायतीच्या बाई म्हणून सांगा."

आता सगळं आत्याच्या एका शब्दावर येऊन ठेपलं. आई तिच्याकडे बघत होती, डोळ्यांत प्राण आणून.

"हात काढू या," आत्या म्हणाली. "एकटीचे नाही, सगळ्यांचेच. हातभर अंतर ठेवून चालतील. कुणी कुणाला ढकलणार नाही, कुणी पडणार नाही. नीट जाईल रांग, माझी जबाबदारी."

"इतकं सोपं होतं, तर मग इतकी वर्षं का नाही सुचलं तुम्हाला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

जिना पूर्वी अरुंद होता, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. शब्द जिभेवर तयारही होते. आत्याने ते गिळले. भावजयीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली,

"सुचलं होतं. मलाही कुणाचा हात लागलेला सोसत नाही गं, लहानपणापासून. मीसुद्धा अशीच श्वास धरून जिना चढायचे. मग एक दिवस लक्षात आलं, सगळ्या शाळेत जिथे कुणाचा हात पोचत नाही अशी जागा एकच आहे, शिट्टी घेऊन रांगेसमोर उभं राहायची. म्हणून मी ही नोकरी धरली."