पूजेचा नग

सुनीतीने हजेरीसाठी नवी वही उघडली, पहिल्या पानावर मधोमध ‘श्री’ लिहिलं आणि खाली नाव, फ्लॅट, फोन असे रकाने आखले. श्रीशिवाय कोरं पान सुरू केलं की तिला चुकल्यासारखं व्हायचं. तिच्या श्रीची वेलांटी मांजराने शेपूट उडवावी तशी मागे वळे. ‘अक्षर कसलं, खोड आहे ती,’ असं सासूबाई म्हणत.

रविवारची सकाळ. नेरूळच्या तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सेक्रेटरी सुभाषरावांनी व्याख्यान ठेवलं होतं: ‘परक्या युद्धात आपला देश कशाला?’ बोलणार होते अभय सर, निवृत्त प्राध्यापक. बटाटेवड्यांच्या आशेने का होईना, चाळीसेक माणसं जमली, वहीत नावं लिहून बसली. सारसोळ्याहून सगुणाही आली. ती आणि सुनीती महाप्याला एकाच कारखान्यात होत्या. सुनीती सुटे भाग तपासायची, सगुणा पेट्यांत भरायची.

पडदे ओढून घेतले.

“आपण तिथे लढत नाही, एवढं म्हणून आपण मोकळे होतो,” सर म्हणाले. “पण आपल्याकडून तिथे काय काय जातं?”

“आपण नाही पाठवलं तर दुसरा पाठवेलच ना सर?” सुभाषराव जागेवरूनच म्हणाले.

“पाठवेल. मग उत्तरही तोच देईल.”

हे भाग कशात बसतात, असं सुनीतीने एकदा विचारलं होतं. ‘पाण्याच्या पंपात,’ सुपरवायझरने सांगितलं. तिने ते पटवून घेतलं; तेच सोपं होतं. तेव्हापासून कुठल्याशा शेतात पाणी खेळतंय असं डोळ्यांपुढे आणत ती नगामागून नग पास करायची.

भिंतीवर फोटो आला. पडलेल्या घराच्या विटा, आणि त्यांवर मुठीएवढा धातूचा तुकडा, एका अंगाने जळून काळा झालेला.

“एका म्हाताऱ्याने पाठवलाय. त्याच्या दोन नाती झोपायच्या, तिथे सापडला त्याला. तो विचारतो, यावर काय लिहिलंय आणि कुणी लिहिलंय. तिथे कुणाला वाचता येत नाही.” सरांनी चित्र मोठं केलं. “मला आलं, म्हणून मी इथे आलो.”

न जळलेल्या बाजूवर लाल अक्षर होतं.

“अरे, आपलं श्री!” कुणीतरी कौतुकाने ओरडलं आणि टाळीसाठी उचललेले हात तसेच खाली घेतले.

वेलांटी मागे वळलेली होती.

सुनीतीने मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की पहिल्या नगावर ती लाल पेंटच्या पेनने श्री लिहायची. तेलकट धातूवर कुंकू टिकत नसे. तो नग वर्षभर कपाटात राहायचा. गेल्या दसऱ्याला पेढ्यांच्या गडबडीत तो पेटीतच गेला. ‘जाव दे बाय, देव परदेस बगून येल,’ सगुणा म्हणाली होती, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

“बाय,” आता सगुणा कानाशी लागली, “ह्यो आपला पूजेचा हाय ना?”

“गप्प बस.”

सरांनी बटण दाबलं, पण चित्र हलेना. सुभाषराव प्रोजेक्टरची वायर बघायला पुढे गेले तसं ते लाल अक्षर त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर येऊन बसलं. त्यांना पत्ताच नव्हता. ते वळले, वाकले, पुन्हा उभे राहिले, अक्षर तिथेच.

“राहू द्या,” सर म्हणाले. “त्या आजोबांना उत्तर द्यायचंय. कोण कोण लिहील, त्यांचे नंबर हवेत. वही आहे ना?”

“सुनीतीताई, वही आणा इकडे,” सुभाषराव म्हणाले.

“पान काडून टाक, बाय,” सगुणा पुटपुटली.

सुनीतीने अंगठा श्रीवर दाबून धरला होता. एक पान, टरकन निघालं असतं. ती भ्यायली होती, आणि तिला त्या मुलींची नावंही माहीत नव्हती. ती उठली आणि खुर्च्यांमधून चालत पुढे गेली.

सरांनी वही भिंतीवरच्या उजेडात धरली. त्यांचं बोट नावांवर गेलंच नाही, वरच थांबलं. त्यांनी मान उचलून भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पान उलटून कोरं काढलं आणि पेन तिच्यापुढे केलं.

“काय लिहायचं त्यांना?” तिने विचारलं.

“तुम्हीच सांगा.”

तिने पेन घेतलं. हात सवयीने कोऱ्या पानाच्या वर, मधोमध गेला आणि तिथेच थांबला.