कडेनं धरायचं नाणं

"बोट लावू नकोस हं, डाग पडतो. कडेनं धर."

"कडेनंच धरलंय. लग्न झाल्यापासून तेच तर ऐकतेय," असं म्हणत सिस्टरनी नाणं बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर अलगद ठेवलं.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इमारतीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला नाणेवाले काका. काकांनी उभा जन्म लेथ मशीनवर काढला आणि सुट्टीचे दिवस नाण्यांपायी घालवले. आता साखरेनं त्यांचे डोळे नेले होते. समोर खिडकी आहे की भिंत, एवढंच कळायचं. शेवटी त्यांनीच विषय काढला होता. "मला दिसत नाहीत, तर कपाटात कोंडून काय उपयोग? बघणाऱ्याकडे जाऊ देत."

ऑनलाइन विकायचं तर फोटो हवेत. त्यासाठी काही विकत आणावं लागलं नाही. पुस्तकांच्या दोन चवडींवर फोन आडवा ठेवायचा, खाली नाणं. बाजूला नातीचा अभ्यासाचा दिवा, त्याच्या तोंडाला बटरपेपर, म्हणजे नाण्यावर उजेड चमकत नाही. हात हलायला नको म्हणून टायमर. एवढा सगळा खटाटोप काकांनी खुर्चीत बसून, न बघता जुळवला होता.

"अक्षरं दिसतायत?"

"उजवीकडची दिसतायत. डावीकडे अंधार आहे."

"मग दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा कर."

कागद उभा केला आणि डावीकडची अक्षरं खरंच वर आली. सिस्टरना नवऱ्याचं कौतुक वाटलं, पण तोंडावर कोण सांगतंय.

बाकीची नाणी शहाण्यासारखी फोटोत आली. एकच हटून बसलं, कुठल्याशा राणीचं चांदीचं. त्याच्या बदल्यात काकांनी एकेकाळी निम्मा संग्रह देऊन टाकला होता. पण ते पडलं काळंकुट्ट. फोटोत राणी कुठली, करपलेलं बटण दिसत होतं. ज्या हातांनी आयुष्यभर वॉर्डातले ट्रे आणि कात्र्या लख्ख ठेवल्या, त्यांना ते बघवेना. दुपारी काकांचा डोळा लागला, तेव्हा सिस्टरनी थोडी टूथपेस्ट घेतली आणि नाणं मन लावून घासलं. राणीच्या केसांची बट न बट मोकळी झाली. फोटो असा आला की त्या स्वतःवरच खूश झाल्या.

फोटो टाकून झाला की काका प्रत्येक नाणं एकदा हातात घ्यायचे. हेही घेतलं, कडेनं. तोंडाजवळ नेलं.

"चांगला आलाय फोटो?"

"आरशासारखा."

"बरं," म्हणून त्यांनी नाणं परत दिलं.

सकाळी निरोप आला. कितीतरी वर्षं या नाण्यामागे असलेल्या एका संग्राहकाचा. 'नाणं घासलंत हो. त्याची मूळ काळी झाक गेली, आता ती परत येत नाही. मला नको.'

सिस्टरनी निरोप दोनदा वाचला. रुग्णाच्या माणसांना वाईट बातमी सांगताना त्यांचा आवाज कधी हलला नव्हता. ही एवढीशी ओळ मात्र तोंडातून फुटेना.

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"म्हणतोय, विचार करून कळवतो."

"नाही घेणार तो. काल हातात घेतलं तेव्हाच पेस्टमधल्या पुदिन्याचा वास आला होता."

सिस्टरनी फोन खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत? मला वाटलं, तुमचं सगळ्यात आवडतं, तेच वाईट दिसायला नको." पुढे त्यांना रडूच आलं.

"कळलं मला. पण राग आला होता. रात्रभर होता." काकांनी हात पुढे केला. "आण इकडे."

सवयीनं त्यांनी कडेनंच धरून आणलं. काकांनी चाचपडत त्यांचा हात शोधला, अंगठा धरला आणि राणीच्या चेहऱ्यावर पुरता दाबला.

"आता असं धरलं तरी चालतं," ते म्हणाले. "हे आपल्याकडेच राहू दे."

सिस्टरनी नाणं मुठीत घेतलं. आधी गार लागलं, मग हळूहळू हाताइतकंच ऊन झालं.