धाप

ध्वनिमुद्रक बाईंनी रिमोट डिस्क कंपनीच्या व्यवस्थापकाच्या हातातून काढून घेतला आणि आपणच ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या चित्रपटातला तोच प्रसंग तिसऱ्यांदा मागे नेला.

"आधी नवा ट्रॅक, मग जुना. मध्ये बोलू नका."

पडद्यावर नायिका चार जिने चढून आली, दाराला टेकली आणि म्हणाली, "मी जाणार नाही." नव्या, सहा चॅनेलच्या ट्रॅकमध्ये तिची पावलं खोलीभर फिरली; पाठीमागच्या स्पीकरमधून शेजारचं दार लागल्याचा आवाज आला. काम झकास होतं. बाईंनी नकळत मान डोलावली.

मग जुना मोनो ट्रॅक लागला. सगळे आवाज समोरच्या एकाच स्पीकरमध्ये येऊन दाटले. पावलं बोथट, मागे सतत खरखर. पण बोलण्याआधी नायिकेला धाप लागली होती. छातीतून शिट्टीसारखा बारीक सूर निघत होता, आणि 'जाणार' म्हटल्यावर श्वासच तुटला होता.

नव्यात तेच वाक्य धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं.

"धाप कुठे गेली?"

"साफसफाईत गेली, बाई. हल्ली घरोघरी मोठाले स्पीकर आहेत. खरखर ऐकली की लोक डिस्क परत करतात."

"खरखर खुशाल काढा. धापेला हात लावायचा नाही. आणि जुना ट्रॅकही डिस्कवर हवा. तोही दाबून लहान न करता, होता तसा."

"एवढी जागाच नाही."

"तुमची चाळीस मिनिटांची मुलाखत आहे ना तिच्यावर? ती गाळा. ऐसपैस होईल."

व्यवस्थापकाने ओठ आवळले. करारानुसार बाईंच्या सहीशिवाय डिस्क निघणार नव्हती. संमतीपत्र त्याने टेबलावर पुढे सरकवलं, पण बोट त्यावरच ठेवलं.

"सांगणार नव्हतो. धाप काढा, असं त्यांनीच कळवलंय. नायिकेने."

बाईंनी चष्मा काढला. पदराने काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या.

"तेव्हाही म्हणाली होती. दमा आहे हे कळलं तर पुढे कोणी विचारणार नाही, दुसरीचा आवाज घाल, म्हणून गयावया करत होती. मी हो-हो म्हटलं, आणि ठेवला तिचाच. तिला कळलं ते थेट थिएटरात."

"मग?"

"मग काय? नाहीच विचारलं कोणी."

व्यवस्थापकाचं बोट कागदावरून सरकलं. बाईंनी पेन उघडलं आणि नव्या ट्रॅकसमोर 'नामंजूर' असं ठसठशीत लिहिलं.

"एवढं होऊनही?" त्याने हळूच विचारलं.

"त्या चित्रपटात तेवढं एक वाक्य खरं आहे. ते पुसायला मी सही देणार नाही. तिच्यासाठीही नाही." बाईंनी पिशवीतून फोन काढला. "तिचा नंबर सांगा."

"मी कळवतो ना त्यांना."

"नको. या वेळी तरी माझ्या तोंडून ऐकू दे."

त्याने एकेक आकडा सांगितला. बाईंनी फोन कानाला लावला आणि त्या उभ्या राहिल्या.