टेकाडावरची उरलेली भिंत

गवंड्याचं आणि बायकोचं सकाळीच जुंपलं. चुलीमागच्या भिंतीतून गढूळ पाणी झिरपत होतं, आणि पावसानं तर कैक दिवसांत तोंड दाखवलं नव्हतं.

"आधी टेकाडावरून उपसून आणलेले ते दगड परत वर नेऊन ठेवा," ती म्हणाली.

"डोंगरावर दगड चढवतोय म्हटल्यावर गाव हसेल मला."

आता डोंगर तरी कसला, घरामागचं टेकाडच ते. पण वर एके काळी पहाऱ्याची चौकी होती, धान्याचं कोठार होतं, साहेबलोकांचा बंगला होता. ती माणसं गेली आणि गावानं घडीव दगड खाली ओढले. कुणाचा गोठा झाला, कुणाचा ओटा. उरली डोंगराला पाठ लावलेली एक भिंत. कोठाराचीच असणार, असं धरून गवंड्यानं लोहाराची पहार आणली आणि तिच्या पायातले दगड नव्या खोलीसाठी उपसले. भिंत कोठाराची नव्हतीच. जुन्या माणसांनी ती डोंगर धरून ठेवायला घातली होती.

बायकोला संशय होताच, पण हे नक्की कळायला तिला वर जावं लागलं. भिंतीमागं भेग पडली होती. तिनं आत हात घातला तर खांद्यापर्यंत गेला, आणि आतली ओली माती सरकत होती. ती धावत सुटली ती थेट घरात.

सासू धान्य निवडत होती.

"आई, उठा. डोंगर येतोय."

"येऊ दे. पळायला गुडघे तुझा बाप देणार का?"

सून बोलत बसली नाही. म्हातारीला पाठुंगळी घेऊन निघाली. तिचा चेहरा बघून गवंड्यानंही वाद सोडला, शेळ्या सोडल्या, पहार खांद्यावर टाकली.

विहिरीपाशी पोचतात तोच मागं धडधडलं. धूळ बसली तेव्हा घर नव्हतं. बायको मटकन खाली बसून रडायला लागली. भीती आता कुठं बाहेर पडत होती.

गाव जमलं. हळहळलं, पाणी पाजलं. मग लोहार बैलगाडी घेऊन आला आणि ढिगाऱ्याकडं बघत म्हणाला, "माल झकास आहे. वर चढायचे कष्ट वाचले."

"घर तर गेलंच, निदान दगड तरी काढू," म्हणत गवंडी निघालासुद्धा. ढिगाऱ्याच्या वर अर्धं टेकाड तसंच लोंबत होतं, ढेकळं घरंगळत होती.

बायकोनं पहार हिसकावली आणि विहिरीत टाकली.

"अहो वहिनी, पहार माझी होती," लोहार म्हणाला.

"वर बघून बोला."

लोहारानं वर बघितलं. मग त्यानं गाडी वळवली.